साहेबांच्या केबिनची वायर

सातपूरच्या आमच्या कारखान्यात युनिक्सचं वर्कस्टेशन आलं तेव्हा त्याला हार घातला, पेढे वाटले, आणि ड्रॉइंग ऑफिसातली माणसं चपला बाहेर काढू लागली. साल १९८८. मशीन आणलं होतं पंपांची ड्रॉइंगं काढायला. पण मॅनेजिंग डायरेक्टर सौंदाणकर साहेबांचं म्हणणं असं, की कारखान्यातल्या सर्वांत महाग वस्तूचं एक टोक आपल्या टेबलावर असलं पाहिजे. म्हणून एक टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, त्यांच्या केबिनमध्ये बसलं. त्याची वायर ड्रॉइंग ऑफिसातून निघून, वेल्डिंग शॉपच्या छताखालून, क्रेनला वळसा घालून साहेबांपर्यंत गेली. आमच्याकडे साहेबांपर्यंत थेट पोचणारं तेवढं एकच.

दसरा झाला आणि मशीनच्या पडद्यावर, काढत असलेल्या ड्रॉइंगच्या मधोमध, एक ओळ उमटू लागली : ‘झेडएस झीरो : सायलो ओव्हरफ्लो’. एकदा, मग दहादा, मग पंप दिसेनासा होईपर्यंत. हा निरोप कर्नलचा, म्हणजे मशीनच्या गाभ्याचा. कर्नल सहसा बोलत नाही, आणि बोलला तर समजेल असं बोलत नाही. या बाबतीत तो आमच्या मॅनेजमेंटसारखाच.

मशीन सांभाळायला सहादू गांगुर्डे होता. हुशार, अबोल, आणि प्रोबेशनवर. ओझरच्या मुलीकडच्यांनी त्याला पसंत केलं होतं, फक्त जाताना म्हणाले होते, ‘‘कायम झालात की कळवा, तारीख काढू.’’ आणि साहेबांनी त्याला सांगितलं होतं, ‘‘गांगुर्डे, ही ओळ गेली तर तुम्ही राहाल. ओळ राहिली तर तुम्ही जाल.’’ एवढं सुटसुटीत धोरण कंपनीने आधी कधी आखलं नव्हतं.

मग सगळे मदतीला धावले. वर्क्स मॅनेजरांनी डिक्शनरीत ‘सायलो’ पाहिला, ‘धान्याचं कोठार’ असा अर्थ निघाला, आणि दुसऱ्या दिवशी मशीनखाली उंदराचा पिंजरा लागला. मुंबईहून तज्ज्ञ आले. त्यांनी मिसळ खाल्ली, मशीनची मागची बाजू पाहिली, ‘‘इंटरेस्टिंग’’ म्हणाले आणि गेले.

सहादूने मॅन्युअल वाचलं. त्यातून एवढंच कळलं, की कुठल्यातरी वायरीतून अक्षरं इतक्या वेगाने येताहेत, की मशीनला ती उचलायला सवड मिळत नाही. पण टर्मिनलची वायर एकच, साहेबांची. आणि साहेबांनी एक अक्षर टाइप केल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात बँकेचे अधिकारी कारखाना पाहायला आले. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बसवून टर्मिनल दाखवलं. ते आत होते तोवर सहादूच्या पडद्यावर ती ओळ एकदाही आली नाही. शेजारी वेल्डिंग धडाक्यात चालू होतं. पाहुणे जेवायला गेले आणि ओळ परत हजर.

सहादू केबिनकडे गेला. दारात शिपाई धोंडीराम उभा.

‘‘धोंडीराम, पाहुणे गेल्यावर आत काय केलंत?’’

‘‘काय करणार? कप उचलले. देवी लावली.’’

‘‘देवी लावली म्हणजे?’’

‘‘या, बघा. चप्पल काढून.’’

आत वणीच्या देवीची मोठी तसबीर होती, दसऱ्याला लावलेली. तिच्यापुढे लाल बल्ब. केबिनमध्ये सॉकेट एकच. त्यात बल्बची पिन. टर्मिनलची पिन टेबलाखाली लोंबत होती.

‘‘हे कायम असंच?’’

‘‘मग? देवीला अंधारात ठेवू? पाहुणे आले की तेवढ्यापुरती पिन बदलतो. साहेबांचीच ऑर्डर आहे.’’

सहादूला सगळं कळलं. टर्मिनल चालू असलं की वायर आवरात राहायची; पण बंद टर्मिनलची ती लांबलचक वायर वेल्डिंगच्या ठिणग्यांचा खडखडाट पकडत होती, आणि मशीन तो साहेबांनी टाइप केलेला मजकूर समजून उतरवून घेत होतं. इलाजही सोपा होता. ती वायर काढायची, नाहीतर मशीनला तिकडे लक्ष देऊ नको म्हणून सांगायचं. फक्त दोन्हींत पाहुण्यांपुढे टर्मिनल मुकं राहणार, म्हणून आधी साहेबांना तोंडावर सांगावं लागणार होतं, की एरवी तुमचं टर्मिनल कधीच चालू नसतं, आणि सगळ्या घोटाळ्याचं कारण देवी आहे. ओझरची तारीख त्याला डोळ्यांसमोर पुसट होताना दिसली.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांसमोर उभा राहिला.

‘‘साहेब, दोष मशीनचा नाही. ते फार इमानी आहे. दिवसभर तुमच्याच केबिनकडे कान लावून बसतं.’’

साहेबांनी चष्मा काढला. ‘‘माझ्याकडे?’’

‘‘तुमच्याकडून कधी हुकूम येतो म्हणून. तुम्ही तर कामात. मग वाटेत वेल्डिंगचा जो गोंधळ कानावर पडतो, तोच तुमचा हुकूम समजून ते धावपळ करतं.’’

साहेबांनी चष्मा पुसून परत लावला.

‘‘असे आपल्याकडे आणखीही आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘पण ते पगार घेतात.’’

‘‘तुमची परवानगी असेल तर ती वायर—’’

‘‘नाही, नाही. वायर राहू द्या. ऐकतंय ना, ऐकू द्या. गोंधळ बंद करा.’’

त्याच आठवड्यात हुकूम निघाला : मशीन चालू असताना वेल्डिंग करू नये. वेल्डिंग दुसऱ्या पाळीत गेलं, कारण संध्याकाळी मशीन बंद करून त्याच्यावर कव्हर घालायची पद्धत होती. पंप उशिरा जाऊ लागले. ड्रॉइंगं मात्र वेळेवर निघू लागली. ओळ गेली. सहादू राहिला.

कायम झाल्याचं पत्र खिशात घालून तो गेटबाहेर पडत होता, तेव्हा वेल्डिंगचे मुकादम कोंडाजी दुसऱ्या पाळीला आत येत होते.

‘‘काय गांगुर्डे साहेब, आमचा आवाज तुमच्या मशीनला सोसंना म्हणे.’’

‘‘मशीनला सोसतो, कोंडाजीभाऊ.’’

‘‘मंग कोणाला?’’

सहादूने साहेबांच्या खिडकीकडे पाहिलं. आत लाल बल्ब तेवत होता.

‘‘लग्नाला या,’’ तो म्हणाला.

‘‘येतो की,’’ कोंडाजी म्हणाले. ‘‘पण मुहूर्त सकाळचा धरा. संध्याकाळी आमची पाळी लावलीय तुम्ही.’’