वेइकोचा शर्ट, सायमाची गोळी

चार हंगाम सायमा लेह्तो हरणाच्या शिकारीवरून हात हलवत परत आली होती, आणि पाचवा हंगामही त्याच वाटेने चालला होता. नोव्हेंबर सरत आला होता. गुडघाभर बर्फ पडलं होतं, शिकार बंद व्हायला जेमतेम तीन दिवस उरले होते आणि तिला अजून शिंगवाला नर नजरेलाही पडला नव्हता. माद्या दिसायच्या. माद्या मारायचा परवाना तिच्याकडे नव्हता आणि ही गोष्ट त्यांना कोणीतरी सांगितली असावी, कारण त्या तिच्या पुढ्यातून अगदी मिरवत जायच्या.

दोष काही तिचा एकटीचा नव्हता. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या सुपीरियर सरोवराच्या काठच्या या जंगलांवर लागोपाठ असे हिवाळे येऊन गेले होते की हरणं उभ्याउभ्या उपाशी मेली. गावातली तरणी पोरं गाड्या काढून दक्षिणेकडे, मक्याच्या शेतांत शिकारीला जाऊ लागली. तिकडे म्हणे हरणं अंगणात येऊन उभी राहतात. अशी शिकार करण्यापेक्षा दुकानातून मांस आणलेलं काय वाईट, असं जंगलातल्या जुन्या शिकारी कॅम्पवरच्या लोकांचं मत होतं. पण कॅम्पवर आता लोकच उरले नव्हते. म्होरक्या आर्विद, पंचाहत्तरीला टेकलेला. जन्मभर लाकूडतोडीची कामं केलेला काउको, ज्याच्या जिभेला हाड नव्हतं. आणि तिसरी सायमा.

खरं तर तिसरा वेइको, सायमाचा नवरा. चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तो बागेत बटाट्यांना माती लावता लावता खाली बसला तो उठलाच नाही. त्या नोव्हेंबरात सायमाने त्याची बंदूक घेतली, त्याचं केशरी जाकीट घेतलं, त्याचा लाल-काळ्या चौकटींचा लोकरी शर्ट घातला, बाह्या दोनदा दुमडल्या आणि कॅम्पच्या दारात येऊन उभी राहिली. "मी येणार आहे," ती म्हणाली. लहानपणी बापाबरोबर ती जंगलात हिंडलेली होती, बंदूक तिला नवी नव्हती. आणि नवी असती तरी त्या दिवशी तिला नको म्हणायची छाती कोणाची होती?

मुलगी दरवर्षी फोनवर म्हणायची, "आई, घरी बस ना. त्या थंडीत कुडकुडून तुला काय मिळतं?"

"कुडकुडायला मिळतं. घरी तेही मिळत नाही," सायमा सांगायची. मुलीचं समाधान काही व्हायचं नाही.

सायमाला काय हवं होतं ते कॅम्पच्या भिंतीवर होतं. चुलीमागची ती लाकडी भिंत छतापर्यंत भरलेली होती. हरीण मारलं तर त्याची शिंगं भिंतीवर लागायची. हरणावर गोळी झाडली आणि नेम चुकला, तर त्याच संध्याकाळी अंगातल्या शर्टाचा पाठीमागचा लोंबता तुकडा कात्रीने कापायचा, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि तो खिळ्याने ठोकायचा. आर्विदच्या आजोबांपासूनचा हा रिवाज. तिथे आर्विदचे पाच तुकडे होते, वेइकोचे तीन, आणि काउकोचे किती ते काउकोने मोजू दिले नसते. शिंगं असोत की चिंधी, भिंतीवर जो होता तो कॅम्पचा. सायमाने मात्र चार वर्षांत एक गोळीसुद्धा झाडली नव्हती. भिंतीच्या हिशेबात ती अजून पाहुणी होती, वेइकोची विधवा.

आणि दोघेही तिला तसंच वागवत. वागवत म्हणजे काय, तळहाताच्या फोडासारखं जपत. "सायमा, तू बस, लाकडं मी आणतो." "सायमा, झोप लागली ना नीट?" पाद्रीबुवांचीही टर उडवणारा काउको तिच्याशी असा बोलायचा, जणू दवाखान्यात कोणाला भेटायला आलाय. हंगाम संपला की आर्विद आपल्या हरणातलं मांस कागदात बांधून तिच्या घरी पोचवायचा आणि पुडक्यावर लिहायचा, 'वेइकोच्या घरचं'. मांस चांगलं असायचं. सायमा ते शिजवायची, खायची आणि तिला रडू यायचं. माणसं वाईट वागली तर भांडता येतं, ती चांगली वागत असतील तर काय करायचं?

तिने एकच केलं. ती जात राहिली. पहिली चार वर्षं ती दलदलीच्या कडेला वेइकोच्या जागी बसली, पडलेल्या जाड खोडाआड, जिथे त्याच्या बसण्याने फळकुट गुळगुळीत झालं होतं. यंदा मात्र तिने ओढ्यापलीकडे ताजे माग पाहिले, वारा कुठून येतो ते तीन सकाळी तपासलं आणि बर्चच्या झाडांमधल्या एका खडकाआड आपली जागा केली.

"पण वेइको नेहमी खोडापाशी बसायचा," आर्विद हळूच म्हणाला.

"माहीत आहे. त्याच्या जागी बसून मी चार वर्षं खारी पाहिल्या," सायमा म्हणाली. बोलून गेल्यावर तिला अपराध्यासारखं वाटलं. दिवसभर वाटत राहिलं. तरी दुसऱ्या दिवशी ती खडकापाशीच गेली.

रोज सकाळी बसल्या बसल्या ती मनाशी म्हणायची, आज नाही तर उद्या. रोज दुपारी मांस-बटाटा भरलेली थंडगार पास्टी खाताना म्हणायची, बरं, उद्या तर उद्या. यात काही मोठं धैर्य वगैरे आहे असं तिला वाटत नसे. थांबलं तर काय करायचं, हे तिला सुचत नव्हतं, एवढंच.

त्या सकाळी नर आला.

कसलाही आवाज न करता आला. एका क्षणी बर्च होते, दुसऱ्या क्षणी बर्चमध्ये तो होता, मान ओढ्याकडे, शिंगांवर बर्फ. सायमाच्या छातीत असं काही धडधडू लागलं की ते त्यालाही ऐकू जाईल असं तिला वाटलं. तिने बंदूक खांद्याला लावली, बंदुकीवरच्या दुर्बिणीला डोळा लावला आणि इतका वेळ कोंडून धरलेला श्वास सोडला. झालं. श्वासाची वाफ सरळ काचेवर बसली. पुढचं सगळं पांढरं. या जंगलातलं शेंबडं पोरही ही चूक करत नाही, कारण बंदुकीच्याही आधी त्याला श्वास कुठे सोडायचा ते शिकवतात. सायमालाही बापाने शिकवलं होतं. त्या पांढऱ्यात एक करडी सावली हलली आणि तिने चाप ओढला.

आवाज विरला तेव्हा नराची पांढरी शेपटी निशाणासारखी उंच झालेली होती, आणि मग तीही दिसेनाशी झाली.

गोळीच्या आवाजावर आर्विद आला. दोघंही गुडघ्यांवर बसून बर्फ धुंडाळू लागली, रक्ताचा थेंब आहे का, केस पडलेत का. जखमी जनावर जंगलात सोडणं याहून मोठं पाप इथे दुसरं नाही. बराच वेळ ती रांगत होती. शेवटी आर्विदने एका बर्चकडे बोट दाखवलं. मनगटाएवढ्या त्या झाडात गोळीचं भोक पडलं होतं, आत पिवळं लाकूड दिसत होतं.

"साफ चुकलीस, सायमा," तो म्हणाला.

"त्याला काही लागलं नाही ना?"

"केसालाही धक्का नाही. तुझ्याहून तो आनंदात असेल."

सायमाने सुटकेचा श्वास टाकला, आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपण गोळी झाडली, आपला नेम चुकला आणि आपल्या अंगात वेइकोचा शर्ट आहे.

कॅम्पवर काउको मटणाचं सूप ढवळत होता. "लागली का गं?"

"चुकली."

एरवी या एका शब्दावर कॅम्पमध्ये कोल्हेकुई झाली असती, काउकोने डाव आपटत 'कात्री आणा, कात्री' म्हणून आरडाओरडा केला असता. आता त्याने फक्त तिच्याकडे पाहिलं. तिने जाकीट काढून खुंटीला लावलं. लाल-काळ्या चौकटी दिसल्या आणि त्याने नजर सुपाकडे वळवली.

"वाफ धरली असेल काचेवर," तो म्हणाला. "तो काही नेम चुकणं नव्हे. हवेचा दोष. सूप घे."

"तुझ्या डोळ्यांत ऊन गेलं होतं तेव्हा? तेव्हा सूर्याचा दोष नव्हता का? तरी तुझा शर्ट कापलाच ना?"

"माझा शर्ट दुकानातला होता, सायमा."

चुलीतलं लाकूड तडतडत राहिलं.

मग आर्विद म्हणाला, "असं करू. माझ्याकडे एक जुना शर्ट आहे. तू तो घाल, आपण तो कापू. रिवाज तर झाला पाहिजे."

सायमा उठून आतल्या खाटेवर जाऊन बसली. तिला खरंच वाटलं, घ्यावा आर्विदचा शर्ट. पहिल्या हिवाळ्यात ती हा शर्ट उशाशी घेऊन झोपायची. तेव्हा त्याला वेइकोच्या तंबाखूचा आणि वाफ घ्यायच्या साउना-खोलीच्या धुराचा वास होता. आता नाक खुपसून पाहिलं तर तिचा स्वतःचाच वास येत होता, कॉफीचा आणि ओल्या लोकरीचा. वेइकोच्या कपड्यांतला हा एकच तिने ठेवला होता, बाकीचे चर्चला देऊन टाकले होते. एकदा कात्री लागली की लागली. मागून कितीही शिवा.

पण दुसऱ्याचा शर्ट कापून भिंतीवर लावायचा म्हणजे भिंतीशी खोटं बोलायचं. आणि आणखी कितीतरी वर्षं 'सायमा, तू बस.' तिला बसायचं नव्हतं. बसून बसून तिचा जीव विटला होता.

ती बाहेर आली, फडताळातली कात्री काढली आणि टेबलावर आर्विदपुढे ठेवली.

"काप."

"वेइकोचा आहे गं तो," आर्विद म्हणाला.

"गोळी वेइकोने झाडली नव्हती. त्याने झाडली असती तर लागली असती. मी झाडली, मी चुकले. आणि खरं सांग, तो आत्ता इथे असता तर कात्री सगळ्यात आधी कोणी उचलली असती?"

आर्विदच्या खांद्यांना हिसका बसला. तो हसतोय की रडतोय ते सायमाला कळेना. बहुधा दोन्ही. "त्याने उचलली असती," तो म्हणाला. "आणि तुला चुलीभोवती पळवलं असतं. नालायक होता अगदी."

"होताच," सायमा म्हणाली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

लोकर जाड होती. कात्री करकरत गेली आणि म्हाताऱ्याच्या हातून तुकडा वाकडातिकडा कापला गेला. पाठीवर थंडगार हवा लागली तसे सायमाचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत, वाहू दिले. आर्विदने तुकडा टेबलावर पसरला, पेन घेतलं, 'वेइकोची बायको' असं लिहायला हात नेला आणि तो अडखळला.

"काय लिहू?"

"चाळीस वर्षं ओळखतोस मला. नाव विसरलास?"

त्याने लिहिलं, सायमा. खाली साल घातलं. काउको हातोडी घेऊन वेइकोच्या तुकड्यांपाशी गेला आणि त्याने शेजारची जागा दाखवली. सायमाने मान हलवली.

"नको. त्याच्या शेजारी मी पुष्कळ राहिले. सगळ्यांत खाली लाव, शेवटची म्हणून. जी नवी आली ती खाली."

काउकोने खिळा ठोकला. नंतर तिघं सूप प्यायली आणि लवकर झोपली, कारण पहाटे परत जायचं होतं.

सकाळी सायमा बंदूक घेऊन दार उघडते तो समोर, मारलेली हरणं टांगायच्या आडव्या खांबावर, जिथे यंदा कोणाचंच काही लटकलं नव्हतं, तिथे एक बर्चचं झाड उलटं टांगलेलं. मनगटाएवढं. बुंध्याला दोरी, मधोमध गोळीचं भोक. काउको कुऱ्हाड खांद्यावर टाकून शेजारी उभा होता, चेहरा एकदम गंभीर.

"लवकर साफ करून घे गं बाई, मांस खराब होईल," तो म्हणाला. "केवढं झाड पाडलंस! या भागात एवढा मोठा बर्च वर्षानुवर्षं कोणी मारला नव्हता."

"फांद्या मोजल्या मी," दारातून कॉफीचा कप घेऊन आर्विद म्हणाला. "अकरा. शिंगांत अकरा फाटे म्हणजे गंमत नव्हे. माझ्या वाट्याचा ढलपा पाठवशील ना घरी?"

"आणि पळत होतं का गं ते? का बसल्या जागी धरलंस बिचाऱ्याला?" काउकोने विचारलं.

सायमा उंबऱ्यातच उभी राहिली. आधी तिला हसू फुटलं, मग हसता हसता ती अशी रडायला लागली की बंदूक दाराला टेकवून ठेवावी लागली. चार वर्षं या दोघांनी तिला जपलं होतं. आज पहिल्यांदाच त्यांनी तिला छळलं.

"हसून घ्या," नाक पुसत ती म्हणाली. "अजून दोन दिवस आहेत."

तिने बंदूक उचलली आणि ओढ्यापलीकडच्या आपल्या खडकाकडे निघाली. पाठीवर, शर्ट आखूड झाला होता तिथे, गारठा झोंबत होता. मागून काउको सगळ्या जंगलाला ऐकू जाईल असा ओरडला, "सायमा! यंदा सरपण पुरे झालं गं, आता हरीण आण!" वेइको गेल्यापासून तिच्याशी इतकं मायेचं कोणी बोललं नव्हतं.