मृगातल्या ढगाचा डाग

सक्करदऱ्याच्या मैदानात पौषातल्या त्या संध्याकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मेघानंद महाराज पितळी नळीतून मेलेले पितर दाखवत होते! भक्ताला घोंगडीखाली बसवायचं, डोळे अंधाराला सरावले की स्वतःही आत शिरायचं आणि नळी मृग नक्षत्राकडे रोखायची. आत हिरवट, चमकता ढग दिसे आणि भक्त ढसाढसा रडे.

"हे पितरांचं तेज! ढगात काळा डाग असेल, तर पितर उपाशी गेला समजा! त्याच्या घासाचा चोर घरातच आहे!" महाराज गरजत.

याच वाक्यानं सुमतीच्या धाकट्या बहिणीचा, पुष्पलताचा संसार उठवला होता. तिचे सासरे चंपतराव यांना मृत पत्नीच्या ढगात डाग दिसला आणि त्यांनी सुनेला घराबाहेर काढलं. जिनं आजारी सासूला मांडीवर घेऊन पेज पाजली, तिलाच! शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सुमतीला आता महाराजाचं नाक कापायचं होतं, तेही भरल्या गर्दीत. पुष्पलतालाही तिनं सोबत आणलं होतं.

सून गेल्यावर डाग गेला का, हे बघायला चंपतराव आज पुन्हा घोंगडीत शिरले. थोड्या वेळानं महाराजही शिरले. सुमतीनं आरतीचं ताट उचललं आणि बाहेर आलेल्या नळीच्या तोंडावर घट्ट धरलं.

"काही दिसते का जी, मामाजी?"

"दिसते ना वं! ढग चमकून राहिला. डाग तर अजून मोठा झाला!"

मैदानात हशा पिकला. चंपतरावांनी घोंगडी भिरकावली आणि ताट पाहून त्यांचा चेहरा पडला.

सुमतीनं नळी हिसकावून टोपण फिरवलं. आतून काच निघाली. तिला घड्याळाच्या काट्यांना लावतात ते रेडियम फासलेलं, वर काजळाचा ठिपका. तो तिनं महाराजांच्याच कपाळाला पुसला. महाराज पळायला निघाले, तर लोकांनीच त्यांना गचांडी धरून चौकीवर नेलं.

"मृगात खराच ढग आहे गा," सुमती म्हणाली, "पण तो वायूचा. ताऱ्याइच्या तेजानं चमकते. काळे ढग राह्यते ते धुळीचे, मागचा उजेड अडवते. तिथं कोणाची सासू नाही!"

चंपतराव पुष्पलताजवळ गेले. "चाल पोरी, घरी."

"पहिले या सगळ्याइले सांगा, मी आत्याबाईले उपाशी ठेवलं नाही."

त्यांनी मान खाली घालून सांगितलं. "मोठ्यानं!" सुमती ओरडली. त्यांनी पुन्हा सांगितलं. सुमतीच्या जिवाला थंडावा मिळाला.

"आता मले वाटन तवा येईन मी," पुष्पलता म्हणाली आणि बहिणीबरोबर चालू लागली.

लोकहो, नळी उघडायला एक क्षण लागतो. सुनेला चोर ठरवण्याआधी तेवढी तसदी घ्या.