ठिपके नसलेलं वर्ष

मित्रांनो, मी एक जुनं पिवळं हेल्मेट आहे. दुचाकीवरचं नव्हे बरं का! जमिनीच्या पोटात तेल शोधणाऱ्या भीमरत्नच्या डोक्यावरचं. हल्ली मी निपाणीजवळ बोरगावात, त्याच्या घरी, टीव्हीशेजारच्या मानाच्या जागेवर असतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यासारखी हजार भावंडं होती. मला वेगळं केलं ते भीमरत्नने. राजस्थानच्या वाळवंटात त्याची तुकडी शोधविहिरी खोदायची. खाली तेल आहे की नुसता दगड, हे खोदल्याशिवाय कुणालाच कळायचं नाही. वर्ष संपलं, की तो माझ्या अंगावर साल लिहायचा आणि त्यापुढे प्रत्येक विहिरीचा एक लाल ठिपका द्यायचा. पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सात! काय ऐट होती माझी! विहिरीला तेल लागो वा ती कोरडी निघो, ठिपका मिळायचाच. "शोधलं न्हवं? मग झालं," असं तो म्हणायचा.

मग २०१६ साल आलं. तेलाचे भाव पडले, कंपनीने शोध थांबवला आणि सगळी तुकडी घरी गेली. बोरगावात मला भारीच अपमान वाटला. डोक्यावर मिरवणारा मी, माझ्यात चक्क भडंग कालवू लागले! त्यात घरी त्याची वर्षाच्या आतली लेक समता होती. ती माझ्यात बसायची, मला ढकलायची, माझा हनुवटीचा पट्टा तोंडात धरून चावायची. भीमरत्न समोर मांडी घालून हसत राहायचा. खरं सांगतो, आठ दिवसांत माझा रुसवा कुठल्या कुठे पळाला. त्या वर्षअखेरी त्याने माझ्यावर नुसतं साल लिहिलं. पुढे एकही ठिपका नाही.

पुढच्या वर्षी काम सुरू झालं. नंतर एकदा वरून पाना पडला. मला तडा गेला, पण त्याचं डोकं शाबूत राहिलं. याचा मला आजही अभिमान आहे. त्याला नवं हेल्मेट मिळालं, मी घरी आलो. तरी तो सुट्टीवर आला, की ठिपके माझ्याच अंगावर!

समता पाचवीत गेली. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने 'दर वर्षीचा तेलाचा शोध' हा विषय घेतला. देशाचे आकडे बाईंनी दिले. पप्पांचे आकडे ती माझ्यावरून मोजू लागली. २०१६ पाशी तिचं बोट थांबलं. क्षणभर विचार करून तिने ब्रश लाल रंगात बुडवला. मी घाबरलो! माझं सगळ्यात लाडकं वर्ष खोट्या ठिपक्यांखाली जाणार होतं, आणि मला ओरडायला तोंड नाही.

तेवढ्यात सुट्टीवर आलेला भीमरत्न चहा घेऊन बाहेर आला.

"आगं थांब! काय करालीस?"

"पप्पा, हे एकच वर्ष रिकामं दिसालंय. सगळी म्हणतील, तुमी कामच केलं न्हाय."

"न्हाईच केलं की! त्या वर्सी एक बी हीर खांदली न्हाय."

"मग काय केलासा वर्सभर?"

त्याने मला उलटं केलं आणि पट्टा तिच्या हातात दिला. पट्ट्यावर चार बारीक खुणा होत्या.

"कुणाचं दात हाईत, वळख बघू."

समताने खुणांवरून बोट फिरवलं. "माझं?"

"व्हय. पयलं पाऊल बी तू माझ्यासमोरच टाकलंस. दुसऱ्या कुठल्या वर्सी मी एवढं दिवस घरात हुतो, सांग की."

समताने ब्रश धुऊन ठेवला.

प्रदर्शनात ती मलाही घेऊन गेली. तिच्या कागदावर पप्पांच्या विहिरींचे लाल स्तंभ उभे होते, कुठे उंच, कुठे बुटके. २०१६ च्या रिकाम्या जागेत तिने चार चिमुकले दात काढले होते. पाहुण्या बाईंनी विचारलं, "हे काय गं?"

समताने मला उचलून पट्टा दाखवला. "ह्या वर्षी पप्पांनी तेल शोधलं न्हाय. ते घरात होते."

बाई हसल्या, आणि मग कितीतरी वेळ पट्टा हातात धरून उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे भीमरत्न लाजून लाल झाला होता. आणि मी? सात ठिपक्यांच्या वर्षीसुद्धा मी इतका फुगलो नव्हतो!

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू जपा. घासून लख्ख करण्याआधी त्या एकदा उलट्या करून बघा. परवा समताने मला साबणाने छान आंघोळ घातली. पट्टा तेवढा कोरडा ठेवला.