पार्बताच्या हातचे रंग

मार्गशीर्षातलं धुकं वैनगंगेच्या अंगावरून उठायला कुरकुरत होतं. धूसर, धूपधूसर, आळसावलेलं धुकं. कोवळं, सोनसळी ऊन मात्र पवनीच्या कोष्टीपुऱ्यात घुसलं ते पाहुण्यासारखं नव्हे, घरजावयासारखं. झिंगरूजी परात्यांच्या हातमागावर खुशाल पाय पसरून बसलं.

झिंगरूजींना ते दिसलं नाही. चहातली साखर त्यांनी सोडली, रक्तातली सुटली नाही. तिनं दोन्ही डोळे गिळले. आता नुसता अंधार. निबिड, निखळ, निर्लज्ज अंधार. त्या अंधाराला एकच खिडकी होती: बायको, पार्बता.

मागावर इकडून तिकडे धावतो तो धोटा; त्यात बसणारी बोटभर नळी, ती कांडी. पार्बता ती धाग्यानं गच्च भरायची. झिंगरूजी रंग मागायचे, ती तळहातावर रंग ठेवायची.

"काळी दे व."

"घ्या. फुकटचे डोळे भेटले तुमाले, म्हणून एवढी मिजास."

"फुकटचे? जलमभर खाऊ घातलं त्या डोळ्यांले!"

धोटा जायचा, धोटा यायचा. सावळा, मेघसावळा, काजळकाळा पट वाढायचा.

नागपूरहून अन्विता मॅडम आल्या. त्या घरं सजवतात. अशी उंच, काचेची घरं, जिथं बाई जीन्स घालते अन् लुगडं भिंत नेसते. तसल्याच एका भिंतीसाठी त्यांनी पट सांगितला होता. काठ नको, नक्षी नको, नुसता काळा.

मॅडम मागावर वाकल्या आणि थबकल्या. "काका! ही हिरवी रेघ! काळ्याच्या पोटातून अशी अचानक! इथं गुलाबी... ही पिवळी, अर्धीच! मी काळा म्हटलं होतं, पण काय सुंदर दिसतंय! सुचलं कसं तुम्हाला?"

झिंगरूजींनी धोटा थांबवला. त्यांनी काळीच मागितली होती. दर वेळी काळी.

"हिरवी कुठं व बाई?" पार्बता खळाळून हसली. "सारी काळीच तं आहे. चष्मा बदलवा तुमी."

हसू निर्मळ होतं. नितळ, निरागस, झऱ्यासारखं. म्हणूनच झिंगरूजींना वरणात दोनदा पडलेलं मीठ आठवलं. परवा तिनं मेलेल्या दिराला जेवायला हाक मारली होती. तेव्हा यांनी केवढी टर उडवली होती तिची!

खिडकी मिटत होती. आतून, हळूहळू, पाकळीपाकळीनं.

मॅडम गोंधळून दोघांकडे पाहत होत्या. एक शब्द, आणि पार्बताला स्वतःचं विसरणं कळलं असतं.

"थट्टा करते ते," झिंगरूजी म्हणाले, आवाजात उसनी ऐट. "मीच घातले रंग. नुसता काळा म्हंजे तव्याचं बूड. म्हटलं, काढावा जरासा चिमटा."

"अस्सेच आणखी हवेत काका. अगदी असेच."

"आता असेच होतीन मॅडम. दुसरे होनारच नाहीत."

गाडी गेली. धुरळा उठला, उन्हात तरंगला, निवला.

"काळी दे व."

तळहातावर कांडी आली. त्यांची बोटं तिच्यावरून फिरली. हलकी होती, गुळगुळीत होती, उघडी होती. धागाच नव्हता तिला.

"कोनता रंग दिला व?"

"काळाच. दुसरा कोनता?"

"मस्त आहे."

त्यांनी कांडी धोट्यात बसवली. धोटा गेला, धोटा आला. उभ्या तारांच्या रानातून रिता, रितारिता, गेला आणि आला. ठोका पडला, पुन्हा पडला, पडत राहिला. आणि पट तसूभरही वाढला नाही.