सात नंबर वाजलाच नाही

मित्रांनो, आज मी अडगळीत गंजत पडले आहे, पण एके काळी माझा रुबाब बघायला हवा होता! अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका प्रसूतिगृहात, वॉर्डाच्या दारावर, एकोणीसशे अठ्ठावन्न साली मला बसवलं. मी विजेची घंटी. प्रत्येक खाटेशी एक बटण होतं. ते दाबलं की मी खणखणायचे आणि माझ्या पाटीवर त्या खाटेचा आकडा उजळायचा.

माझ्याआधी नर्स माणिकबाई दर अर्ध्या तासाला सगळ्या खाटांवरून फिरायच्या, चादर उचलून बघायच्या. मोठे डॉक्टर म्हणाले, "आता कशाला पाय मोडून घेता? घंटी वाजली की जा." बाईंच्या फेऱ्या थांबल्या. मी मेली फुशारले!

मे महिन्यातली ती दुपार. सात नंबरवर मोर्शीकडची जमुना, सकाळीच बाळंत झालेली पहिलटकरीण. शेजारच्या खाटेवरच्या पार्बताबाई म्हणाल्या, "काहून वं, येवढी पांढरी पडली? बटन दाब ना!"

"काई नाई वं मावशी, उनाचं होऊन राहिलं. बाई आताच जेवाले बसल्या. सकाळपासून उभ्या हायेत बिचाऱ्या. दोन घास खाऊ दे त्याइले."

पार्बताबाई कुशीवर वळल्या. चादरीखाली रक्त वाहत होतं. इतकं जातच असेल, असं त्या पोरीला वाटलं. तिचं बोलणं मी ऐकलं, पण ऐकून काय उपयोग? बटण दाबल्याशिवाय मला तोंडच उघडता येत नाही.

माणिकबाई हात पुसत आल्या. पाटीवर एकही आकडा नव्हता. "समदं ठीक हाये," म्हणत त्या खुर्चीवर टेकल्या. मग बाळ रडू लागलं. ते रडतच राहिलं आणि आई काही त्याला जवळ घेईना, तेव्हा त्या धावल्या. फार उशीर झाला होता हो.

"तू वाजली काहून नाई वं?" माझ्यासमोर उभ्या राहून बाई ढसाढसा रडल्या. संध्याकाळी जमुनाचा नवरा भगवंत हसत हसत बाळासाठी पिवळं झबलं घेऊन आला.

माझ्याहून हुशार यंत्रं येणार आहेत म्हणे. खुशाल येऊ द्या. पण मित्रांनो, काही माणसांना हाक मारायचाही संकोच वाटतो. त्यांच्यापाशी तुम्ही न बोलावता जा. माझ्या जमुनाला तेवढंच पुरलं असतं.