तिसाच्या आत

डाव्या बाजूला पाच, उजव्या बाजूला पाच. सगळे सड सारखे, राखी-गुलाबी, मसुराच्या दाण्याएवढे. उजवीकडचा पहिला तेवढा लहान. डावीकडच्या चौथ्याच्या मागे, कातडीखाली, एक गाठ. उमाने पुन्हा छातीपासून मांड्यांपर्यंत बोटं फिरवली, कारण मोजायचं तर सगळं पोट मोजायचं, जिथं सापडणार हे माहीत आहे तेवढंच चाचपून उठायचं नाही... दुसरी गाठ नव्हती. मिरी, अकरा वर्षांची काळी गावठी कुत्री, फरशीवर उताणी पडली होती, पुढचे पंजे छातीवर दुमडून, मागचे पाय सैल सोडून. हा सगळा खटाटोप आपलं पोट खाजवण्यासाठीच चालला आहे अशी तिची समजूत होती — आणि आजवर तिच्या पोटाला लागलेला प्रत्येक हात त्यासाठीच तर आला होता, तिनं वेगळं काय समजावं.

गाठ मोजायच्या व्हर्नियरचे जबडे उमाने आधी मुठीत धरून कोमट केले. थंड पोलाद लागलं की मिरी पोट आत ओढते आणि माप चुकतं. एवढी काळजी मी घेते. प्रत्येक वेळी घेते. जबडे गाठीच्या दोन्ही अंगांना टेकले, पडद्यावरचे आकडे धावले, थांबले. अठ्ठावीस पूर्णांक सात मिलिमीटर.

"आज किती ग?" आईने मोरीतून विचारलं. पाण्याचा दिवस होता; नळ कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून आई पहाटेपासून पिंपं विसळून रांगेत लावत होती.

"अठ्ठावीस सात."

"काल एकोणतीस होतं ना? म्हणजे उतरतंय." आईचा आवाज एकदम हलका झाला. "आज सांगून टाक त्या डॉक्टरला, आम्हाला चिरफाड नको म्हणून. आणि या बाईसाहेबांना उठवा आता तिथून. फरशी पुसायचीय."

बाईसाहेबांनी एक कान हलवला.

स्कूटी जालना रोडला लागली तेव्हा ऊन वर आलं होतं. एकोणतीस आठ, एकोणतीस तीन, एकोणतीस एक, अठ्ठावीस सात... उमा हे आकडे मनात एकाखाली एक मांडत होती आणि त्यांच्यामधून एक रेघ जात होती, खाली उतरणारी, शांत. डॉक्टरांनी सगळं स्पष्ट सांगितलं होतं. मिरीच्या पोटावर हात ठेवून, उमाकडे न बघता ते म्हणाले होते, "ताई, सुईच्या तपासणीत काही पेशी बऱ्या दिसतात, काही शंकेच्या. काढून तपासल्याशिवाय कॅन्सर आहे का नाही, कोणीच छातीठोक सांगणार नाही. पण हिच्या हृदयाचा आवाज मला आवडला नाही. भूल झेपेल का, शंका आहे. गाठ तीन सेंटिमीटरच्या, म्हणजे तीस मिलिमीटरच्या आत असेल, वाढत नसेल, तर थांबून बघू. तिसाच्या वर गेली तर मात्र थांबण्यात अर्थ नाही. मग भुलीचा धोका घ्यायचा." भूल देणारे परभणीहून येणार होते, परवा, त्यांना यायला सांगायचं की नाही, ते आज रात्रीपर्यंत कळवायचं होतं. माप तुम्हीच घ्या घरी, तुमचं तर कामच आहे ते, असंही डॉक्टर म्हणाले होते, आणि उमाला त्या वाक्यानं बरं वाटलं होतं. काही करता येण्यासारखं होतं, आणि ते तिला येत होतं.

टेबलावरच गेली तर... आईचं एवढंच म्हणणं होतं. त्यापुढचं ती बोलत नसे. बाबांच्या वेळी सगळं वेगळं होतं, बाबा कोषागारातून घरी आले, चपला काढल्या आणि खुर्चीत बसल्या-बसल्या गेले, कोणी काही ठरवलं नव्हतं, कोणाला काही विचारलं नव्हतं. मिरीला तेच घेऊन आले होते, जाधववाडीच्या मंडईतून, कोथिंबिरीच्या जुडीखाली पिशवीत घालून, आणि आईनं कोथिंबीर उचलली तेव्हा खाली दोन डोळे... आई दोन दिवस बाबांशी बोलली नव्हती. ती कोथिंबीर कोणी खाल्ली नाही. आणि आता तीच आई दुपारी मिरीला शेजारी घेऊन पेपर वाचते, मोठ्यानं, बातम्या निवडून. अपघाताच्या तिला ऐकवत नाही.

गाठ उमालाच सापडली होती. गोचीड समजून. गोचिडी काढताना बोटाला काहीतरी टणक लागलं, तिनं चिमटीत धरून ओढलं, आणि ते आलं नाही, ते मिरीचंच होतं.

चिकलठाण्याच्या कारखान्यात उमा क्वालिटीत होती. गाडीच्या सस्पेन्शनमध्ये बसणारे रबरी बुश, काळे, मुठीत मावणारे. साच्यातून निघाले, थंड झाले की त्यांचे नमुने तिच्या टेबलावर येत. ते काम तिला आवडायचं. बुश चांगला की वाईट असं इथं कोणी म्हणत नसे, तो मापात असे किंवा नसे. सकाळभर ती रबराला न शिवता माप घेणाऱ्या प्रोजेक्टरच्या पडद्यावर बुशांच्या सावल्या बघत होती, वाढवलेल्या, काठ स्पष्ट, आणि मधेच कधीतरी तिनं मोबाइल काढून डॉक्टरांचा नंबर समोर आणून ठेवला. नको म्हणून सांगायचं. अठ्ठावीस सात. पुरेसं आहे ते, कोणीही मान्य करेल.

तेवढ्यात वच्छलाबाई ट्रे घेऊन आली. लाइनवरची सगळ्यात जुनी बाई, पाचोडहून रोज एसटीनं येणारी. उमाने तिचा लॉट मघाशीच परत पाठवला होता, व्यास किंचित जास्त भरला म्हणून.

"मॅडम, लई बारीक बघता तुम्ही. आता हे बघा." वच्छलाबाईने टेबलावरचा व्हर्नियर उचलला, एक बुश जबड्यात धरला आणि पडदा उमासमोर केला. "बसला का नाय गुमान मापात?"

"दाबलंत तुम्ही."

"दाबलं कुठं? मायेनं धरलं जरासं."

"वच्छलाबाई, रबराला व्हर्नियर लावायचा नसतो. रबर हाताचं ऐकतं. तुम्हाला जो आकडा हवाय तो..."

ती थांबली. वच्छलाबाई वाट बघत होती, डोळ्यांत हसू ठेवून, कारण हे व्याख्यान तिनं बऱ्याचदा ऐकलेलं होतं आणि त्याचा शेवट तिला पाठ होता. "तो येतो," तिनंच वाक्य पुरं केलं. "व्हय, माहितीय. नेते परत. चेष्टा केली. तोंड कशापायी पडलं असं?"

"काही नाही."

"जेवला का?"

"जेवते."

उमा जेवली नाही. ट्रे गेल्यावर तिनं व्हर्नियर पुसला आणि डाव्या हाताच्या अंगठ्याजवळचं मांस जबड्यात धरलं. मी दाबत नाही. मी फक्त टेकवते... पडद्यावर आकडा आला. तिनं व्हर्नियरचं चाक एवढंसं फिरवलं, दुखलं नाही, कातडीवर खूणही उठली नाही, आणि आकडा दीड मिलिमीटरनं उतरला. आणखी एवढंसं. अजूनही दुखत नव्हतं. साडेतीन मिलिमीटर. तिचाच हात, तेच मांस. मग तिनं डोळे मिटले आणि सकाळी फरशीवर गुडघे टेकून बसली होती तेव्हाचा उजवा हात आठवायचा प्रयत्न केला, चाकावरचा अंगठा, तो कुठं थांबला होता, कशानं थांबला होता — गाठीचा काठ लागला म्हणून, की आकडा बरा आला म्हणून? आठवेना. अंगठ्याला आठवत असेल, तो सांगत नव्हता. एवढंच कळत होतं, की ती रोज सकाळी थोडी जास्त घाबरत होती आणि रोज सकाळी गाठ थोडी लहान होत होती, आणि ती खाली उतरणारी शांत रेघ गाठीची नव्हतीच कदाचित.

म्हणजे वाढली आहे, असंही नव्हे. हे तिनं स्वतःला लगेच बजावलं, कारण तसं म्हणणं हाही एक आकडा दाबूनच काढण्यासारखा प्रकार झाला असता, उलट्या बाजूनं. वाढली असेल. तेवढीच असेल. डॉक्टरांनी प्लॅस्टिकच्या पट्टीनं मोजली होती, "तीस धरा, कमीच आहे" म्हणत. त्यांचाही हात होताच की. आजवर कोणालाही काही माहीत नव्हतं, आणि आईनं मात्र सकाळी पिंपं विसळताना विश्वास ठेवून टाकला होता. मोबाइलवरचा नंबर तिनं बंद केला.

ती घरी पोचली तेव्हा नळ आलेला होता. गच्चीवरून, शेजारून, सगळ्या गल्लीतून मोटरींचा आवाज येत होता आणि आई ओल्या पदरानं हात पुसत दारात आली.

"सांगितलंस ना नको म्हणून?"

"नाही अजून. आई, एकदा तू वाच."

"काय वाच?"

"आकडा. मी धरते, तू वाच. मला दिसायला नको."

आईनं तिच्याकडे पाहिलं. पदर कमरेला खोचला, चष्मा घेऊन आली आणि मिरीच्या डोक्याशी मांडी घालून बसली, आणि मिरी, दोन-दोन माणसं आपल्यासाठी जमिनीवर बसली म्हणून, आपण होऊन उताणी झाली.

उमाने व्हर्नियरचा पडदा पलीकडे, आईकडे केला. जबडे उघडे धरून ती थांबली. मिरीचं पोट वर येत होतं, खाली जात होतं, आणि त्याच्याबरोबर गाठही वर येत होती, खाली जात होती. हे तिनं इतक्या दिवसांत पाहिलंच नव्हतं, तिचं लक्ष आकड्याकडे असायचं. श्वास सोडून झाला की पोट क्षणभर थांबतं. तेव्हा. तिनं चाक अगदी सावकाश फिरवलं, केसांना स्पर्श झाला, मग कातडीला, आणि कातडी हलायच्या आत अंगठा थांबला. हाताला काही नको होतं. लहान नको, मोठं नको. किती आहे तेवढंच. तिनं पेच आवळला, जबडे जागच्या जागी बसवले आणि अलगद काढून घेतले.

"काय आलं?"

आई पडद्यावर वाकली. बराच वेळ वाकून राहिली.

"तिसाच्या आतच दिसतंय बहुधा."

दहावीला उमाला टायफॉइड झाला होता तेव्हा आई असाच थर्मामीटर खिडकीशी नेऊन उजेडात धरायची, पाठमोरी, आणि वळायच्या आधीच म्हणायची, उतरलाय, नव्व्याण्णव. एकशे तीन असायचा. बरं झाल्यावर बाबांनी सांगितलं होतं, हसत. पण त्या नव्व्याण्णववर उमा झोपली होती, दर रात्री, निवांत, अंगातून वाफा निघत असताना. आईच्या आवाजात तो आकडा खरा वाटायचा. आत्ताही वाटला असता. फक्त मान हलवायची होती.

"बहुधा नको, आई. आकडे वाच. एकेक."

मोरीत पिंप भरून वाहू लागलं होतं. आई उठली नाही. तिनं चष्मा काढला, पदरानं दोन्ही काचा पुसल्या, परत लावला. दुसरा हात मिरीच्या कानामागे गेला आणि तिथंच राहिला.

"तीन," आई म्हणाली. "एक. टिंब. दोन. चार."

"अजून दोनदा घेऊ."

"घे."

दुसऱ्यांदा तीस पूर्णांक अठ्ठ्याऐंशी. तिसऱ्यांदा एकतीस पूर्णांक बेचाळीस. सरासरी एकतीस पूर्णांक अठरा मिलिमीटर. उमाने मोबाइल काढून डॉक्टरांचा नंबर लावला, परभणीहून परवा यायला सांगा म्हणून.