एक सूत जाड

मारोतरावांचा हिशेब सरळ होता. सोमवारी त्यांची पिठाची चक्की सुरू झाली, की बोरसीतल्या वसतिगृहाचं रोजचं तीस किलो दळण वर्षभर त्यांचंच. त्यासाठी एक निरोप वेळेवर पोचायचा होता, आणि तो माझ्या पोटात होता.

मित्रांनो, मी फोनचे निरोप टिपून ठेवणारं जुनं यंत्र. सुपेल्यातल्या बळीरामांच्या लेथच्या दुकानात माझी वीस वर्षं गेली. लेथ सुरू असला की बळीरामांना फोनची घंटा ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी मला भंगारवाल्या कबाड्याकडून आणलं. पहिल्या वर्षी गिऱ्हाइकं मुद्दाम फोन करून माझा आवाज ऐकायची. पुढे माझ्यावर लोखंडाचा चुरा साचला, कुणी फडकंही मारलं नाही. तक्रार नाही. माझ्यात जागा अर्ध्या मिनिटाची. नंबर दाखवणारी खिडकी मला नाही.

तो शनिवार होता. फोन वाजला, मी उचलला.

"हॅलो... कोनी हाये का? मी बोलून राहिली. बरे हायेत ना सगळे? पोरगी बरी हाये? आमच्याकडं तं लय गरमी. बरं, पीयूषचे बाबा गोंदियाले गेले लगनाले. गाडीतून फोन आला त्यायचा. म्हने नवी पुली घेतली, तिचं भोक मोठं हाये, शाफ्ट एक सूत जाड ठेवाले सांग. भुलू नका बरं! आन् आमचा नंबर लिवून घ्या, नऊ आठ..."

अर्धं मिनिट संपलं. मी टुंक केलं. मित्रांनो, मला दुसरं काय येतं?

त्या मारोतरावांच्या पत्नी, सिंधुताई. चार दिवसांपूर्वी याच आवाजानं 'बोरसीहून बोलून राहिली' असं सांगितलं होतं. पण माझी फीत एकच. नवा निरोप जुन्यावर चढतो.

संध्याकाळी बळीरामांनी बटण दाबलं. दुकानात चक्कीचे दोन शाफ्ट कापायचे पडले होते. वहीत एवढंच : चक्की बोरसी, चक्की उतई. नंबर नव्हते.

"कोन पीयूष? बाई नवऱ्याचं नाव कावून नाही सांगत?"

"नवऱ्याचं नाव घेत नाही ना ती, बाबा," त्यांची मुलगी संघमित्रा हसली. "थांबा, पुढच्या फोनले उखाणा घेईल."

"आवाज वळखला मी. उतईवाली हाये."

"पक्का है ना, बाबा? बोरसीले जाऊन विचारून या तरी."

"बावीस वरसं स्टीलच्या प्लांटमधी मशीन चालवली. मले नोको शिकवू."

त्यांनी तीन वेळा बटण दाबलं. तिन्ही वेळा मी तेच बोललो. 'बोरसी, बोरसी' असं ओरडावंसं वाटत होतं. पण जे माझ्यात कुणी भरलं नाही, ते मी कुठून काढू?

रात्रीपर्यंत उतईचा शाफ्ट एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जाड राहिला आणि बोरसीचा जुन्या मापानं कापला गेला. जाड लोखंड पुन्हा कापता येतं. बारीक झालेलं वाढत नाही.

सोमवारी सिंधुताई तो शाफ्ट घेऊन दुकानात आल्या. पुली त्यावर डुगडुगत होती.

"मी सांगतलं होतं ना, भाऊ!"

"सांगतलं, पन कोन ते नाही सांगतलं, ताई."

सिंधुताईंनी पदर सावरला, भिंतीकडे तोंड केलं आणि एका दमात म्हणाल्या, "मारोतराव. बोरसी. चक्की. लिवा आता."

बळीरामांनी लिहिलं. पण मी फक्त फोनवरचं टिपतो, आणि माझी तर वायरही सकाळीच निघाली होती. एवढा स्वच्छ निरोप उभ्या आयुष्यात मी ऐकला नव्हता, आणि तोच मला टिपता आला नाही.

तेव्हा मित्रांनो, फोन केलात तर आधी नाव, गाव आणि नंबर सांगा, मग काम. तब्येती शेवटी विचारा. आणि निरोप घेणाऱ्यांनो, आवाज ओळखल्याची फुशारकी मारू नका.

आता याची किंमत कुणी मोजली ते ऐका. उतईवाल्याला एक दिवस उशीर झाला. बळीरामांनी नवा शाफ्ट फुकट कापला, दोन दिवस घालवले. वसतिगृहाचं वर्षभराचं दळण दुसरीकडे गेलं. आणि नवा शाफ्ट मिळेपर्यंत चक्कीची मालकीण सिंधुताई घरच्या गव्हाचा डबा घेऊन दुसऱ्याच्या चक्कीवर रांगेत उभ्या राहिल्या. तिथे डब्यावर लावायला नावाची चिठ्ठी मागितली, तेव्हा त्यांनी मारोतरावांचं नाव पुरं लिहून दिलं.